वखारीतली बदकं

त्या वर्षीची थंडी कशी होती ते सांगायला मी बसले की माझी नात मोबाईल काढते आणि म्हणते, "आजी, रावेरकडे एवढी थंडी पडतच नाही, हे बघ." मी म्हणते, बाई गं, तुझ्या त्या काचेत आमचं गाव मावतं का? त्या वर्षी कोंबडा आरवायच्या आधी तीनदा खोकायचा. आई धार काढून चरवी घरात आणेपर्यंत दुधावर साय धरलेली असायची. भाऊंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाहेर वाळत घातलेलं धोतर सकाळी दोघांनी दोन टोकांना धरून, खाट आणावी तसं आडवं करून घरात आणलं आणि चुलीपुढे उभं केलं, तेव्हा कुठे ते नरमलं. आता यातलं किती धरायचं नि किती सोडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या घरचे निम्मं सोडतात, शेजारचे पाऊणभाग सोडतात. लहानपणापासून माझी ख्यातीच तशी. पण पुढे एका जागी माझा आवाज आपोआप खाली येईल. तिथून काही सोडू नका. तिथे वाढवायला माझी जीभच उचललेली नाही.

आमचं घर केळीवाल्यांचं. घरामागे विहीर, विहिरीला लागून गुरांच्या पाण्याचा हौद, हौदापलीकडे कडब्याची गंजी, आणि गंजीपलीकडे आबांची वखार. आबा म्हणजे माझे आजोबा. वखार म्हणजे केळी पिकवायची खोली: एक बुटकं दार, खिडकी नाही, भिंती हातभर जाड आणि आतून धुराने तव्यासारख्या काळ्या. हिरवे घड आत रचायचे, त्यांच्यावर केळीची वाळकी पानं अंथरायची, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्यांचे निखारे आणि भुसा घालून धुरी द्यायची, आणि दार लावून त्याच्या सगळ्या फटी गाऱ्याने लिंपून टाकायच्या. मग आत उकाडा धरतो, आणि दार उघडाल तेव्हा सोनं. आबा दाराला नुसतं नाक लावून सांगायचे, "अजून एक दिवस." आणि अजून एकच दिवस लागायचा. सावद्यापासून माणसं यायची त्यांना विचारायला. मी तर सांगायचे की आबांनी हिरव्या घडाकडे डोळे वटारून पाहिलं की तो लाजून पिवळा होतो.

या सगळ्या कारभारात माझ्याकडे एक खातं होतं, लिंपणाचं. माझी बोटं बारीक, त्यामुळे दाराच्या कडेला, बिजागरीच्या मागे, उंबऱ्याखाली, जिथे मोठ्या माणसाचा हात पोचत नाही तिथे गारा दाबायचं काम सहाव्या वर्षापासून माझं. मी लिंपलेल्या दारातून मुंगीलासुद्धा आबांची परवानगी घेऊन जावं लागे. आबा कौतुक करायचे नाहीत कधी. दारावरून तळवा फिरवायचे आणि "हं" म्हणायचे. त्या एका "हं"साठी मी अख्खी भिंत लिंपली असती.

बदकं आणली ती नानांनी. नाना माझे धाकटे काका, दीपनगरला वीज केंद्रात नोकरीला, तिथेच क्वार्टरमध्ये राहायचे. त्यांच्या शेजारी एक बंगाली बाई राहत होत्या, त्यांच्या नवऱ्याची बदली झाली, आणि बाईंनी पाळलेली पाच बदकं नानांच्या गळ्यात पडली. क्वार्टरमध्ये ठेवायची कुठे? नानांनी केळीच्या टोपलीत पाचही घातली, वर कापड बांधलं आणि बसने घेऊन आले. कापडाच्या भोकातून पाच माना बाहेर. कंडक्टरने पाच अर्धी तिकिटं फाडली म्हणे, आणि एका बदकाने खिडकीकडची जागा मागितली.

आमचं घर मांसमच्छी न खाणारं. अंड्याचं नाव काढलं तरी आबा चूळ भरायचे. ते ओट्यावर बसून चहा पीत होते. टोपलीतून पहिलं बदक उतरलं, त्याने अंग झाडलं आणि सरळ चालत जाऊन आबांच्या बशीत चोच घातली.

आबांचा हात बशीसकट हवेत थांबला. "नाना, हे काय आणलं रे बापा?"

"बदकं आहेत आबा."

"ते दिसू ऱ्हायलं मले. मह्या घरात काहून?"

"जिवंत ठेवायला आणलीत, खायला नाही. त्या बाई रडत होत्या हो निघताना. त्यांनी सांगून ठेवलंय, खाली कोरडं, वर मोकळं, आणि रोज ताजं पाणी. एवढंच करायचं. थंडीवाऱ्याचं त्यांचं ते बघतात."

"आणि अंडी?"

"ती सालदाराच्या घरी द्या."

"हं," आबा म्हणाले. पण हा माझ्या लिंपणावरचा "हं" नव्हता. "आठ दिवस. नवव्या दिवशी उचल."

नवव्या दिवशी नाना आले तेव्हा आबा मळ्यात निघाले होते आणि पाचही बदकं त्यांच्या मागे रांगेने चालली होती. सगळ्यात पुढे मान ताठ ठेवून चालणारी, तिला मी मास्तरीण नाव ठेवलं होतं. तिच्या मागे सरपंच, म्हणजे नर. त्याचा आवाज कायम बसलेला, भाषण करून आल्यासारखा. मग दोन जुळ्या आणि शेवटी लंगडी. जुन्या वळणाचे आबा, घरच्या पोरांना कधी मांडीवर घेतलं नाही, ते रस्त्यात थांबून मागे पाहत म्हणत होते, "चाल वं मास्तरीण, उन्ह डोक्यावर आलं." गाव दारादारात उभं राहून पाहत होतं. नाना टोपली तशीच उचलून परत गेले.

आबा त्यांना दादरच्या कण्या भिजवून घालायचे. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, माणसांनी खायची. आईने एकदा तोंडावर पदर घेऊन विचारलं, "आबा, दादर बदकंस्ले?" आई दोंडाईच्याकडची, इतकी वर्षं आमच्यात राहून तिची अहिराणी तसूभर हलली नव्हती. आबांनी न ऐकल्यासारखं केलं. हिवाळ्यात वांग्याच्या भरताचे दिवस आले, तुरकाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, पातीचा कांदा, लाकडी बडगीत ठेचलेली मिरची आणि कळण्याची भाकरी, तेव्हा लंगडीने माझ्या ताटातलं भरीत एकदा पळवलं. मिरची लागल्यावर ती हौदात अशी शिरली की हौदाचं पाणी उकळलं. खोटं नाही, मी वाफ पाहिली. (बरं, थंडीमुळे सकाळी पाण्यावर धुकं होतं. पण वेळ तीच होती.)

मग ती थंडी आली. केळीला थंडी सोसत नाही. पारा उतरला की पानांवर पिवळे पट्टे उमटतात, कोवळ्या पानाचा पोंगा आखडतो. आम्ही त्याला चरका म्हणतो. चरका पडला की अख्खी बाग आजाऱ्यासारखी दिसते. म्हणून पहाटे गावातले सगळे बांधाबांधाला काडीकचऱ्याचा ओलसर धूर करायचे, विहिरीचं कोमट पाणी सोडायचे. शिवारभर धुराची चादर पसरायची, आणि शाळेत सगळ्या पोरांच्या कपड्यांना एकच वास. आबांना तर चरक्याची अशी धास्ती की झोपेत कूस बदलतानाही ते म्हणायचे, "पांघरूण घाला रे बागेवर."

आणि इकडे बदकं! सकाळी हौदावर जाऊन बघावं तर ज्या पाण्यात बोट घातलं की नखापासून कोपरापर्यंत हाड वाजायचं, त्या पाण्यात पाचही जण डुबक्या मारताहेत, पंख आपटताहेत, एकमेकांच्या अंगावर पाणी उडवताहेत. मी थक्क होऊन बघत राहायचे. आबा घोंगडी गुंडाळून बघायचे आणि त्यांचाच दात दातावर आपटायचा. "मरतील वं हे," ते म्हणायचे. "यायले समजत नाही, आपल्याले तं समजते ना?"

त्यातच मास्तरीण बसली. दोन दिवस ती रांगेत आली नाही. कडब्याच्या गंजीच्या मागच्या खोबणीत अंग फुगवून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून बसलेली. दादरच्या कण्यांकडे बघेना. हात लावला की फुस्स करायची. आबांनी तिला अलगद उचललं, उलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिच्या छातीवरची पिसं गेली होती, तळहाताएवढी जागा उघडी पडली होती.

"चरका," आबा म्हणाले.

आज मला हसू यायला हवं. येत नाही. आबांनी जन्मभर एकच पीक पाहिलं होतं. जे आखडलं, फुगलं, खायचं थांबलं आणि ज्याचं पान गळलं त्याला थंडी बाधली, आणि थंडी बाधली की ऊब द्यायची, हे त्यांना श्वासासारखं ठाऊक होतं. आणि आमच्या घरात काय, गावात काय, ऊब देण्यात आबांच्या वरचढ कोण होतं?

वखार तेव्हा रिकामी होती, आदल्याच दिवशी माल निघाला होता. भिंती अजून कोमट होत्या. दिवस कलायला आला तेव्हा आबांनी आत वाळक्या पानांचा ढोपरभर थर घातला, कोपऱ्यात मडकं ठेवलं, त्यात गोवऱ्यांचे चारच निखारे आणि वर मूठभर भुसा. एकेक बदक आणून ठेवलं. मास्तरीण जाताना अशी ओरडली, मान मागे वळवून गंजीकडे असे हिसके देत होती, की आबांच्या हातावर ओरखडे उठले. आम्हाला वाटलं, आजारी आहे, चिडली आहे.

दार लावलं. आबा माझ्यापुढे बसले आणि उंबऱ्याशी हाताची वीत लावून त्यांनी मला दाखवलं. "बेबी, इथं एवढी फट ठेव. ही केळी नाहीत. यायले श्वास लागते. बाकी लिंप." मग भाऊंनी बागेतून हाक मारली, धुराची तयारी करायची होती, आणि आबा गेले.

इथून माझा आवाज खाली येतो आहे.

मी दार लिंपलं. वरून, कडेने, बिजागऱ्या, सगळं. उंबऱ्यापाशी वीतभर जागा ठेवली. मग गारा उरला होता, हातही गार पडले होते, म्हणून मी त्या फटीपुढे तळवा धरला. बाहेरून वारा असा आत जात होता की कोणीतरी चाकू ओढत आहे. मला आत बसलेल्या मास्तरणीची ती उघडी छाती दिसली. मी विचार केला, थोडं बुजवते. थोडं बुजवलं. तरी वारा जात होता. मग अजून थोडं. आणि मग जे नेहमी व्हायचं तेच झालं. माझ्या बोटांना अर्धवट लिंपलेलं दार सहनच होत नव्हतं. शेवटचा गोळा मी चार बोटांनी दाबला आणि उठून उभी राहिले. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं. आत मस्त गरम होत असेल, या आनंदात मी त्या रात्री दोन भाकरी खाल्ल्या आणि गाढ झोपले.

उजाडताना आबांबरोबर मी धावतच मागे गेले. रोज आबांच्या खोकल्यासरशी पाचही जण कालवा करायचे. आबा वखारीपुढे उभे राहून खोकले. काही नाही. पुन्हा खोकले. मग त्यांनी कुदळीच्या दांड्याने गारा फोडला आणि दार ओढलं. आतून धूर आला तो फार नव्हता, पण जड होता, पायाशी सांडल्यासारखा.

पाचही बदकं पानांवर आडवी पडली होती. माना लांब, सगळ्यांच्या दाराच्या दिशेने. उंबऱ्याच्या अगदी जवळ मास्तरीण. तिची चोच मी जिथे शेवटचा गोळा दाबला होता तिथून चार बोटांवर होती.

आबा खाली बसले. मला हालता येईना. विहिरीवरून आई आली, घागर तिच्या कमरेवरच होती. "काय व्हयनं वं?" म्हणत तिने आत डोकावलं, घागर तिथेच टाकली आणि वाकून आत शिरली. दोघांना पायांना धरून तिने ओढत बाहेर आणलं, दवाच्या गवतावर टाकलं.

"उभी काय राह्यनी? बठ्ठास्ले बाहेर काढा! वारा लागू द्या त्यास्ले, वारा!"

ज्या वाऱ्याला आम्ही फटीतून शिरू दिलं नव्हतं तोच वारा आई आता पदराने त्यांच्या तोंडावर घालत होती. मी एका जुळीला उचललं. तिची मान माझ्या हातावरून अशी लोंबत होती की मी तिला जवळजवळ टाकलीच. हौदातलं बर्फासारखं पाणी आईने सगळ्यांवर मारलं. सरपंचाचा एक पंख हलला. मग लंगडीने चोच उघडली आणि हिसका देऊन श्वास ओढला, चिरलेल्या बाजासारखा आवाज आला. आणि मी वळून पाहिलं तर आबा, अंड्याचं नाव काढलं तर चूळ भरणारे माझे आबा, मास्तरणीची चोच दोन बोटांनी फाकवून तिच्यात तोंडाने फुंकर घालत होते. गाल फुगवून, डोळे मिटून, चूल फुंकावी तसे. भाऊ बागेतून आले ते गंजीपाशीच थबकले. आपल्या बापाला असं कोणी पाहिलेलं नसतं.

सरपंच, लंगडी आणि एक जुळी जगली. दुसरी जुळी गेली. मास्तरणीने एकदा पापणी उघडल्यासारखं मला वाटलं. आबांना वाटलं नाही. ते तिला मांडीवर घेऊन ऊन अंगावर येईपर्यंत तसेच फुंकत राहिले. शेवटी आईने, जिने सासऱ्यांच्या हाताला कधी हात लावला नव्हता, त्यांची बोटं एकेक करून सोडवली.

दोघींना पुरायच्या खड्ड्यात घालायला मऊ काहीतरी हवं म्हणून आई गंजीच्या खोबणीतला कडबा काढायला गेली. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून आम्ही गेलो. कडब्यात एक खोलगट घरटं होतं, वर पिसांचा मऊ थर, मास्तरणीच्या छातीवरचाच, तिने स्वतःच्या चोचीने उपटून घातलेला. आईने तो बाजूला केला. खाली नऊ अंडी.

"आबा," आई म्हणाली, आणि ती पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून बोलली, "ती गारठेल नव्हती. ती बठेल व्हती."

ती आजारी नव्हती. अंड्यांवर बसली होती. आम्ही तिला उबवणीवरून उठवून ऊब द्यायला नेली. सालदाराच्या बायकोने ती अंडी आपल्या खुडूक कोंबडीखाली ठेवून पाहिली, पण रात्रभर ती थंड पडली होती. एकातूनही पिल्लू निघालं नाही.

संध्याकाळी आबांनी मला विचारलं. रागावून नाही. "बेबी, फट ठेवली होती ना वं?"

"हो आबा," मी म्हणाले. "वीतभर."

"मग निखारा जास्ती झाला मह्याकून," आबा म्हणाले, आणि त्यांनी वखारीचं दार बिजागरीसकट काढून गोठ्यात टाकलं.

माझ्या आयुष्यात मी हजार खोट्या गोष्टी सांगितल्या असतील. कोंबड्याचा खोकला, धोतराची खाट. त्यांत कोणाचं काही गेलं नाही. ही एकच अशी की जिच्यात एक अक्षर वाढवलेलं नव्हतं, तीन शब्द होते, आणि ते बोलल्यावर माझ्या अंगातली सगळी बडबड बसली. आई म्हणायची, "पोरले काय व्हयनं, तिनी चाबरी बडबड बंद व्हयनी." लोकांना वाटलं, बदकांचं दुःख.

आणि गाव? गावाला हिवाळाभर पुरेल असा विषय मिळाला. आबांनी बदकं पिकवली. पोरं शाळेत विचारायची, "कशी लागली, गोड का?" सावद्याची माणसं यायची थांबली, वखारच नव्हती तर कशाला येतील. आबा पारावर बसायला जायचे ते बंद झाले. ओट्यावर पाठ फिरवून बसायचे. तिन्ही बदकं रांगेने येऊन त्यांच्या पायाशी बसायची, आणि आबा पाय आखडून घ्यायचे.

दोन आठवड्यांनी बदकांच्या कण्या संपल्या. गिरणीत जायला पारावरूनच रस्ता. आबांनी दादरची पिशवी घेतली, मी बरोबर, आणि मागे ती तिघं, कोणी बोलावलं नव्हतं तरी. पारावर उन्हाला सातआठ जण बसले होते, मधे सुपडूतात्या. सुपडूतात्यांची गावात दुसरी वखार होती आणि जन्मभर ती दुसरीच राहिली होती.

"या आबा, या! बऱ्याच दिवसांनी," तात्या म्हणाले. "काय म्हणता, रंग किती दिवसांत धरला बदकांनी? आम्हालाबी शिकवा की धुरी."

सगळे हसले. आबा थांबले नाहीत, पण त्यांची पाठ वाकली, माझ्या डोळ्यांसमोर वाकली, पिशवीत दादरऐवजी धोंडे भरल्यासारखी. आणि माझ्या तोंडून निघालंच.

"आबांनी फट ठेवायला सांगितली होती! मी बुजवली! मी!"

मग तात्या मांडीवर थाप मारून असे हसले की त्यांचा पटका सुटला. "ऐका रे! बेबी बोलली!" दुसरा म्हणाला, "महिन्यापूर्वी हीच सांगत होती, यांच्या विहिरीतून वाफेचं इंजिन निघालं म्हणून." तिसरा म्हणाला, "आज्याची बाजू घेते पोरगी, चांगलं आहे." मी ओरडत होते, शपथ घेत होते, चार बोटं करून दाखवत होते, आणि जितकं खरं सांगत होते तितके ते हसत होते. माझ्यासारख्या पोरीला हे पहिल्यांदाच घडत होतं. माझ्याकडे खरं होतं आणि ते कोणी घेईना.

आबा परत फिरले. मला वाटलं, आता आबा सांगतील. आबांवर गाव विश्वास ठेवायचं; भावकीच्या भांडणात दोन्ही बाजू त्यांना साक्षीला बोलवायच्या, कारण त्यांनी कोणासाठी कधी शब्द वाकवला नव्हता.

"पोर खोटं बोलू ऱ्हायली," आबा म्हणाले. "फट होती. वीतभर. मी मह्या हाताने मोजली. निखारा मह्या हाताचा जास्ती झाला. आणखी काही विचाराचं हाय कोणाले?"

तात्या पटका बांधायला लागले.

गिरणीच्या वळणावर मी आबांचा हात धरला. "आबा, मी खरंच बुजवली होती."

"मले माहीत हाय. दार फोडलं तवाच पाहिलं. गाऱ्यात चार बोटं उमटेल होती."

मी जागच्या जागी उभी राहिले. संध्याकाळी मला विचारलं तेव्हा त्यांना ठाऊक होतं. मी "वीतभर" म्हणाले तेव्हा ठाऊक होतं. दोन आठवडे ओट्यावर पाठ फिरवून बसले तेव्हा रोज ठाऊक होतं.

"मग पारावर खोटं काहून बोलले?"

आबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "मले हसतील ते किती दिवस? दोन हिवाळे, तीन. तुले म्हातारी होईपर्यंत हसतील." आणि पुढे चालू लागले. तिन्ही बदकं त्यांच्या मागे. माझी पावलं मागे वाजेनात तसे ते न वळताच ओरडले, "उभी काय ऱ्हायली? उद्यापासून हौदाचं पाणी तू बदलाचं. उजाडायच्या आत. मी उठवणार नाही."

त्यांनी उठवलं नाही. मी उठले. कडुनिंबाखाली आबांनी चार मेढी रोवून वर नुसतं छप्पर टाकलं होतं, भिंत एकही नाही, खाली रोज कोरडा भुसा. नानांच्या शेजारच्या बाईंनी सांगितलं होतं अगदी तसं, पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसं. त्या थंडीतली सगळ्यात वाईट पहाट त्यानंतर आली. केळीच्या पानांवरचं दव पांढरं होऊन कडक झालं होतं, आणि हे मी वाढवून सांगत नाही, भाऊंनी ते नखाने खरवडून मला दाखवलं. मी पाणी उपसून नवं भरलं, बोटं बधिर झाली, आणि छपराखाली गेले. तिघं एका ओळीत बसली होती, चोची पाठीत खुपसून. पाठीवर ते पांढरं दहिवर तसंच पडलेलं, न वितळता. मेली. मी गुडघ्यावर बसले आणि लंगडीच्या पंखाखाली हात सारला.

आत भाकरी तव्यावरून उतरल्यासारखी ऊब होती. चटका बसावा इतकी. मी दचकून हात काढला, आणि पुन्हा घातला. लंगडीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मिटला. एवढी ऊब त्यांच्याकडे सुरुवातीपासून होती. मी हात तसाच ठेवला आणि उन्हाची तिरीप येईपर्यंत तिथून उठले नाही.